चिमण्याचा कासरा

स्वतःच्याच विरुद्ध दवंडी पिटवणारा माणूस आमच्या टेंभुर्णीत एकच होऊन गेला, तातेराव. दुसरा कोणी त्या वाटेला जाईल असं वाटत नाही, कारण त्या दवंडीने काय झालं ते सगळ्या गावाने पाहिलं.

तातेरावला दारू नव्हती, पत्ते नव्हते, तंबाखूसुद्धा नव्हती. त्याला नाद होता बैल बदलायचा. गोठ्यात चांगली कमावती जोडी असली तरी बाजाराचा दिवस उजाडला की याच्या पायाला भिंगरी लागायची. "नुसता बघून येतो," असं म्हणून तो निघायचा आणि जाताना एक बैल सोबत न्यायचा. नुसतं बघायला जाणाऱ्याला बैल कशाला लागतो, हे त्याच्या बायकोने, गोजरबाईने, लग्नानंतर काही वर्षं विचारलं. मग तिने विचारायचं सोडून दिलं. संध्याकाळी परत येताना कासऱ्याला भलताच बैल बांधलेला असायचा. आठवडाभर त्याचं कौतुक चालायचं. शिंगं बघा, वशिंड बघा, चाल बघा. मग हळूहळू एकेक गोष्ट उघडी पडायची. एक बैल दिवसभर डावीकडेच ओढायचा. एकाला माणसांचा राग होता. एक तर नांगर ओढता ओढता मधेच खाली बसायचा आणि काही केल्या उठायचा नाही. त्याच्याशेजारी तातेरावही डोक्याला हात लावून ढेकळात बसलेला लोकांनी पाहिला आहे.

आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती गर्दी उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. वर चेहरे शांत आणि खाली बोटांची झटापट. तातेरावचा जीव त्या झटापटीत अडकला होता.

"मला बैल नकोच असतो गं," एकदा तो बायकोला म्हणाला होता. "पण हात उपरण्याखाली गेला का मंग मी माझा ऱ्हात न्हाई."

"मंग कोणाचे ऱ्हाता?" गोजरबाईने भांडी घासताघासता विचारलं. तिला उत्तर ऐकायचं नव्हतं. भांड्यांची राख संपत आली होती, तिला तिची काळजी होती.

या सगळ्या ये-जा करणाऱ्या बैलांमध्ये एकच घरचा होता, चिमण्या. बहात्तरच्या दुष्काळात तो जन्मला आणि महिन्याभरात त्याची आई चाऱ्यावाचून गेली. गोजरबाई तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथे मिळणारी आपल्या वाट्याची सुकडी ती पदरात बांधून आणायची, पाण्यात कालवायची आणि हाताच्या ओंजळीतून त्या वासराला चाटवायची. स्वतः काय खायची ते कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. चिमण्या जगला. थोराड झाला नाही, पण अंगाने घट्ट आणि कामाला इमानी निघाला. तातेरावने गोठा चारदा उलटापालटा केला, पण चिमण्याला हात लावला नव्हता.

आणि एके दिवशी लावला. बायको रानात गेलेली असताना चिमण्याला घेऊन तो बाजाराला गेला. संध्याकाळी परत आला तो चिमण्याला घेऊनच. पण चेहरा असा उतरलेला, की गोजरबाईच्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली.

"आज चिमण्या दिला असता मी," तो ओट्यावर बसत म्हणाला. "समोरचा माणूस ऐनवेळी भांडून उठला म्हणून परत आला. माझ्यामुळं न्हाई आला. कळतंय का तुला? माझ्यामुळं न्हाई."

त्याला स्वतःचीच भीती वाटली होती. सकाळी उठून तो कोतवालाकडे गेला. आमच्या गावचा कोतवाल शिवाजी. बौद्धवाड्यातल्या माणसांनी गावाचं डफडं कधीच टाकून दिलं होतं, त्यामुळे हा पत्र्याचा डबा वाजवून दवंडी द्यायचा. तातेरावने काय सांगायचं ते सांगितलं. शिवाजीला वाटलं थट्टा आहे. थट्टा नाही हे पटल्यावर तो डबा घेऊन निघाला.

"ऐका हो ऐका! आजपासून तातेरावसंगं कोणी बी बैलाचा सौदा करू नये हो! केला तर धरला जाणार न्हाई हो! खुद्द तातेरावच्या सांगण्यावरून हो!"

घरी येऊन तातेरावने खांद्यावरचं उपरणं काढलं आणि बायकोच्या हातात दिलं. "हे बी ठेव. खांद्यावर असलं का हात शिवशिवतो." गोजरबाईने ते पेटीत ठेवलं. पुढे रोजच्या फडक्याची चिंधी झाली तेव्हा तिने तेच भाकरी बांधायला काढलं. तातेराव भर उन्हात उघड्या खांद्यांनी फिरू लागला.

सुरुवातीला गोजरबाईला वाटलं, सुटलो बाई एकदाचे. पण सुटका कसली? दवंडी एकदा झाली की ती गावाची होते. बाजारात व्यापारी तातेरावला पाहून बैलाच्या तोंडावर हात ठेवायचे, जणू हा बघूनच दात मोजून नेईल. पाराजवळून तो गेला की बसलेल्यांपैकी कोणीतरी ओरडायचा, "तातेराव, हात कुठं हाय?" मग याने थांबून दोन्ही हात वर करून दाखवायचे, पाहा बाबा, रिकामे आहेत. सगळे हसायचे. सुरुवातीला तोही हसायचा. नंतर नुसते हात दाखवायचा आणि पुढे जायचा.

आणि पहारा आला गोजरबाईच्या गळ्यात. पाण्याला गेली की शेजारची नंदाबाई सांगायची, "तुमचे मालक आज बाजाराच्या कडंला लई वेळ उभे होते बरं का." पिठाच्या गिरणीवर दुसरी कोणी सांगायची, "रस्त्यानं जाणाऱ्या बैलाच्या मागं मागं चालून राह्यले होते." हे सगळं ऐकायचं, घरी यायचं, विचारायचं, "कुठं गेल्ते? कशाला गेल्ते?" जेलरला निदान सरकार पगार देतं. हिला दिवसभर शेतात राबून वर हे काम. नवऱ्यावर नजर ठेवून ठेवून तिचे डोळे आंबले होते. कधी कधी तिला वाटायचं, एकदाचे जावोत सगळे बैल आणि जावो हा माणूस, मला फक्त एक दुपार निवांत झोपू द्या.

दुपारी जेवून तातेराव भिंतीला टेकून बसायचा तेव्हा त्याच्या उजव्या हाताची बोटं त्याच्याच गुडघ्यावर हलायची. एक दाबायची, दोन दाबायची, थांबायची, पुन्हा दाबायची. गोजरबाईच्या कपाळात तिडीक जायची.

"बोटं थांबवा ती."

तो बोटं मुठीत घ्यायचा. ती फिरली की मूठ पुन्हा उघडायची. दोन वर्षं अशी गेली.

तिसऱ्या उन्हाळ्यात, पेरणी तोंडावर आली असताना, चिमण्याचा जोडीदार पोट फुगून मेला. सकाळी खुरं झाडत होता, दुपारी थंड. आता एका बैलावर तिफण कशी चालणार? आणि तेव्हा दोघांच्या लक्षात आलं की दवंडी देताना एक गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नव्हती. बैल बदलायचा नाही हे ठीक, पण घ्यायचा झाला तर?

टेंभुर्णीच्या बाजारात व्यापाऱ्यांनी कानाला हात लावले. "दवंडी हाय ना भाऊ. उद्या तुमीच म्हणताल सौदा धरत न्हाई." तातेरावच्या चुलत भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "वहिनी, बैल आणीन मी. पण दादाला पसंत पडला न्हाई तर जन्मभर मला ऐकावं लागंल." गोजरबाईचा भाऊ जालन्याला जिनिंगमध्ये कामाला, त्याला सुट्टी नव्हती. सावडीला, म्हणजे आळीपाळीने वापरायला, आपला बैल द्यायला पेरणीच्या दिवसांत कोण तयार होणार?

"जाफराबादच्या बाजारात मला फार कोणी वळखत न्हाई," तातेराव एका संध्याकाळी म्हणाला. "तिथं दवंडी पोचली नसंल."

गोजरबाईने चुलीवरून मान वर केली. तिच्या नजरेने तो ओशाळला.

"मी जाईन असं न्हाई म्हणलं मी," तो घाईने म्हणाला. "मी गेलो तर काय होतं ते मला ठाऊक हाय. तू चल. सौदा तू कर."

"येड लागलं का तुमाला? बायामाणसानं कधी उपरण्याखाली हात घातलाय?"

"रखमाजी हाय तिथं. तुझ्या माहेरचा. त्याच्या हातात हात द्यायला कोण नाव ठेवतंय?"

रखमाजीचं नाव काढताच गोजरबाईला चीड आली. माहेरच्या गल्लीतला हा म्हातारा बैलांचा व्यापार करायचा. तिला अंगाखांद्यावर खेळवलेलं, आणि तिच्याच नवऱ्याच्या गळ्यात निम्मे खोडील बैल त्यानेच टेंभुर्णीच्या बाजारात मारलेले. पण पेरणी कोणासाठी थांबत नाही. तिने तांदळाच्या डबड्यात जपून ठेवलेले पैसे काढले, भाकरी थापल्या, त्या उपरण्यात बांधल्या. पहाटे चिमण्याला घेऊन दोघं निघाली, कारण जोडीदार त्याच्या उंचीशी आणि चालीशी लावून बघावा लागतो.

बाजाराच्या तोंडाशी आल्यावर गोजरबाई थांबली. तिने चिमण्याचा कासरा तातेरावच्या हातात दिला आणि त्याच्या मनगटाभोवती एक वेढा घालून दिला. हाताला काम असलं म्हणजे हात गप्प बसेल, एवढाच तिचा विचार.

"हा कासरा सोडायचा न्हाई. कोणी बी मागो. सौदा झाल्यावर कासरा दुसऱ्याच्या हातात जातो, हे मला सांगू नका. माझ्या चिमण्याचा कासरा कोणाच्याच हातात जाणार न्हाई. समजलं?"

"समजलं."

"अन् बैलांकडं बघायचं न्हाई."

तो पाण्याच्या हौदापाशी गेला आणि सगळ्या बाजाराकडे पाठ करून बसला. हंबरणं, घुंगरं, व्यापाऱ्यांच्या हाका, सगळं त्याच्या पाठीवर येऊन आदळत होतं. त्याची मान एकदाही वळली नाही. त्याच्या मानेवरची शीर मात्र दुरूनही दिसत होती.

रखमाजीने गोजरबाईला पाहिलं आणि बसल्या जागेवरून उठला. "अगं गोजर? जावईबापू कुठं हायेत?"

"हौदाकडं. पाठ करून बसलेत."

"अन् सौदा?"

"मी करणार हाय काका. चिमण्याला जोडीदार पाहिजे. बसणारा नको, मारणारा नको, अन् माहेरची म्हणून फसवायचं बी न्हाई."

म्हातारा हसला, पण हात पुढे करायला तयार होईना. "पद्धत न्हाई पोरी."

"माझ्या घरातून एवढे बैल नेले, तवा कुठं गेल्ती पद्धत?"

भोवतीची चार माणसं हसली. रखमाजीने मान डोलावली. त्याने एक तांबडा बैल काढला. वयाने मध्यम, दिसायला अगदी साधा. गोजरबाईने त्याचे दात पाहिले, खुरं पाहिली, चालवून पाहिला. वर्षानुवर्षं खोडील बैल घरात आले म्हणून तिला खोडी कुठे असतात ते चांगलं ठाऊक झालं होतं. तांबड्यात काही सापडलं नाही. मग भाव करायची वेळ आली. रखमाजीचं उपरणं घामाने ओलं झालं होतं. गोजरबाईने भाकरीची गाठ सोडली, भाकरी पदरात घेतल्या आणि ते फडकं पुढे केलं. रखमाजीने ते ओळखलं. "जावईबापूंचं हाय," तो एवढंच म्हणाला, आणि दोघांच्या हातांवर त्याने ते टाकलं.

खाली अंधार होता आणि म्हाताऱ्याचा कोरडा हात होता. त्याने तिची बोटं धरली. पहिल्या दाबाला गोजरबाईला काही कळेना. मग कळलं. जास्त सांगत होता. तिने त्याची दोन बोटं सोडून दिली. तो थांबला. वर त्याचा चेहरा तसाच होता, आभाळाकडे बघत असल्यासारखा. खाली मात्र त्याने तिचं म्हणणं ऐकलं होतं. तो एका बोटाने मागे आला.

गोजरबाईच्या अंगातून काहीतरी सरसरत गेलं.

जन्मभर ती बोलत आली होती. सासऱ्याशी, नवऱ्याशी, शेजाऱ्यांशी, तोंड दुखेपर्यंत. तिच्या बोलण्याने कधी काही हललं नव्हतं. इथे एक शब्द न बोलता, नुसतं बोट दाबलं, तर समोरचा माणूस मागे सरकत होता. भोवती गर्दी होती आणि त्या गर्दीला काहीच माहीत नव्हतं. तिने पुन्हा दाबलं. तो पुन्हा सरकला. दोन वर्षांचा शीण, डोळ्यांची आग, कमरेतली कळ, कुठे गेलं कोणास ठाऊक. तांबड्याचा भाव ठरला तेव्हा तिला वाईट वाटलं. एवढ्यात संपलं?

आणि रखमाजीने हात सोडला नाही. इतकी वर्षं धंदा केलेला माणूस, त्याला हातातली नाडी कळते.

"अजून एक दाखवू का?" मग हात सोडत तो हळूच म्हणाला. मागे खुंट्याला एक पांढरी जोडी बांधलेली होती. भरलेल्या अंगाची, सारख्या शिंगांची, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. "तांबडा ऱ्हाऊ दे. ही जोडी घे, अन् तुझा चिमण्या मला दे. वरचं आपण बोलू."

गोजरबाईने जोडीकडे पाहिलंसुद्धा नाही नीट. तिने हात पुन्हा आत घातला.

या वेळी बराच वेळ चालला. म्हातारा चिवट होता. ती त्याच्याहून चिवट निघाली. गर्दी वाढली. कोणीतरी म्हणालं, "बाई लई पक्की हाय." ते ऐकून तिचा कान गरम झाला. तो मागे येत गेला, ती दाबत गेली, आणि शेवटी त्याने तिच्या सगळ्या बोटांवर मूठ मिटली. सौदा ठरला.

"आण कासरा," रखमाजी म्हणाला.

ती जवळजवळ पळतच हौदाकडे गेली. उपरणं तिच्या हातातच होतं.

"कासरा द्या. जल्दी."

तातेरावने मान वळवली. "कशाला?"

"सौदा झालाय. पांढरी जोडी हाय, नजर ठरंना अशी. चिमण्या द्यायचा अन् थोडं वर. काका कुठल्या कुठं खाली आले, तुमी बघायला पाहिजे होतं! द्या, लोक थांबलेत तिकडं."

तातेराव तिच्याकडे बघतच राहिला. गालावर लाली, डोळ्यांत चमक, पदर डोक्यावरून घसरलेला. हा चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता. पण तो आतून कसा असतो हे त्याच्याइतकं बाजारात कोणाला ठाऊक नसेल. त्याने कासऱ्याचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला.

"तूच म्हणलीस, कोणी बी मागो."

"मी कोणी बी हाय का? मी म्हणून राह्यले ना, द्या!"

"न्हाई."

गोजरबाईचा तोल गेला. "जन्मभर बैल उधळले, घर धुऊन काढलं, अन् आज मी चार पावलं पुढं टाकली तर मला अडवून राह्यले? तुमाला काय कळतं? सौदा ठरलाय! सोडा तो कासरा!" तिने कासऱ्याला हिसका दिला. तातेरावच्या मनगटावर दोरी रुतली. त्याने हात मागे घेतला नाही आणि मूठही उघडली नाही.

"मी बी असंच म्हणायचो," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "लोक थांबलेत, सौदा ठरलाय. हेच म्हणायचो."

चिमण्याने मान पुढे केली आणि तिच्या हातातलं उपरणं तोंडात धरलं. त्याला भाकरीचा वास आला होता. तो ते फडकं निवांत चावू लागला, आणि तिच्या बोटांना त्याची खरखरीत जीभ लागली.

गोजरबाईने त्याच्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं. मग ती हौदाच्या कट्ट्यावर बसली. काय करायला निघालो होतो आपण? कोणी जबरदस्ती केली नव्हती, कोणी फसवलं नव्हतं. रखमाजीने नुसतं विचारलं होतं. हात तिनेच घातला होता, आणि त्या हाताला चिमण्या आठवला नव्हता. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलंही नाही.

"मला न्हाई जमलं कधी," तातेराव जमिनीकडे बघत म्हणाला. "तू घरी असायचीस. बाजारात कासरा धरायला कोणी नसायचं."

थोड्या वेळाने ती उठली. रखमाजीपाशी गेली आणि म्हणाली, "काका, जोडी नको. तांबडाच द्या, मघाचा." म्हाताऱ्याने न रागावता उपरण्यासाठी हात पुढे केला. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. "ठरलेला भाव तोंडानं सांगा. सगळ्यांसमोर सांगा." बाजारात असं कोणी करत नाही. लोक हसले, एकाने शिट्टी मारली. रखमाजीने मोठ्याने भाव सांगितला आणि मघापेक्षा थोडा जास्तच सांगितला. गोजरबाईने वाद घातला नाही.

परतीच्या वाटेवर दोन बैलांच्या मागे दोघं चालत होती. ऊन कलतीला लागलं होतं. गोजरबाई आपल्या उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने चोळत होती. सोडायची, आणि पुन्हा चोळायची. शेवटी तिने विचारलं,

"किती दिवस ऱ्हातं हे?"

"काय?"

"हातातलं."

"दवंडीला किती वर्सं झाली?"

"दोन."

"मंग दोन वर्सं तरी ऱ्हातं."

ती जागीच थांबली. दोन वर्षं हा माणूस रोज तिच्यासमोर जेवला होता, झोपला होता, पाण्याला गेला होता, आणि हे हातात घेऊन. ती त्याच्याकडे चोराकडे बघावं तसं बघत होती. बोटं थांबवा, म्हणत होती. त्याने दोन वर्षं ती सौद्यापासून थांबवलीच होती की. गावाला वाटत होतं दवंडीने थांबवलीत. तिलाही तेच वाटत होतं. तिला त्याची दया आली, आणि स्वतःचा राग आला. भाकरी अजून पदरात तशाच होत्या. चिमण्याने एका टोकाला चावलेलं ते उपरणं तिने झटकलं आणि तातेरावच्या खांद्यावर टाकलं. तातेरावने तिच्याकडे पाहिलं. उपरणं त्याने काढलं नाही.

टेंभुर्णीत शिरले तेव्हा पारावर नेहमीची माणसं बसलेली होती. कोतवाल शिवाजीही होता. आधी त्यांना दिसला नवा बैल. मग दिसलं तातेरावच्या खांद्यावरचं उपरणं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आता मजा येणार म्हणून दोघंजण सरसावून बसले.

"तातेराव," शिवाजी ओरडला, "हात कुठं हाय?"

तातेरावच्या दोन्ही हातांत कासरे होते. सवयीने तो थांबला आणि हात वर करण्यासाठी एक कासरा दुसऱ्या हातात घेऊ लागला. गोजरबाई मागून पुढे आली. बायका पारासमोरून खाली मान घालून जातात. ती तिथे थांबली.

"त्यांचा कशाला बघता?" ती म्हणाली. "बाजारात माझा हात गेल्ता आज. चिमण्या देऊन टाकला होता मी. त्यांनी कासरा सोडला न्हाई म्हणून घरी आला."

तिने उजवा हात पुढे केला, बोटं उघडून, सगळ्यांना दिसेल असा.

"उद्या डबा घेऊन या भाऊ. दवंडीत माझं बी नाव घाला."

पारावर कोणी हसलं नाही. शिवाजीने खाली बघत तोंडातला तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेला. पुढे गेलेल्या तातेरावने वळून हाक मारली, "चल गं, बैलांना पाणी दाखवायचंय." तिने हात खाली घेतला आणि ती त्याच्या मागे निघाली.